ऑस्ट्रेलियाचं नियोजन, मुक्काम पोस्ट पावस

हा कुठल्या टूर कंपनीचा रिव्ह्यू नाही. रत्नागिरीत एक ताई घरबसल्या परदेशी सहलींची आखणी करून देते, तिच्या कामाबद्दल लिहितेय. ती तिकिटं विकत नाही, हॉटेलवाल्यांकडून कमिशन घेत नाही. ठरलेली फी घेते आणि कुठे जायचं, कुठे राहायचं, काय सोबत न्यायचं, काय सोडायचं हे मांडून देते. तिला जाहिरात नकोय म्हणून नाव देत नाही. रत्नागिरीत दोन माणसांना विचारलंत तर तिसरा तुम्हाला तिच्या दारात नेऊन सोडेल.

आमच्याकडून तिने १५,००० रुपये घेतले. विमान, व्हिसा, हॉटेलं सगळं वेगळं, ते आपल्या कार्डावरून आपणच भरायचं. नुसतं सांगण्याचे एवढे पैसे म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगो, सांगण्याचे पैसे मिळतात हे आधी कळलं असतं तर मी एव्हाना बंगला बांधला असता."

माणसं पाच: मी, हे, सासूबाई, अकरा वर्षांची लेक आणि पाच वर्षांचे चिरंजीव. पावसजवळ हापूसची बाग. आता बागायतदाराच्या घराने मे महिन्यात सहलीला जायचं म्हणजे विनोदच. शाळेला सुट्टी तेव्हाच, मुंबईची पाहुणेमंडळी घरात तेव्हाच आणि आंबाही तेव्हाच. मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसात आधी चौकशी केली होती. तिथली मुलगी गोड बोलायची, पण फिरून फिरून मे महिन्याचाच ग्रुप आमच्या गळ्यात मारायची. रत्नागिरीच्या ताईने बजेट विचारायच्या आधी विचारलं, "वहिनी, तुमची शेवटची पेटी कधी जाते? आणि कल्टार घालून कधी मोकळे होता?" (कल्टार म्हणजे मोहोर धरावा म्हणून आंब्याच्या मुळाशी घालतात ते औषध.) तिथेच हे खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

तिने दिवाळीची सुट्टी सुचवली, आणि कारणं दिली. झाडांना कल्टार घालून झालेलं असतं, मोहोर अजून यायचा असतो, म्हणजे बाग काही दिवस गड्यावर सोडता येते. तिकडे ऑक्टोबरअखेर वसंत असतो. त्यांच्या शाळांच्या सुट्ट्या ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, त्यामुळे हॉटेलांचे भाव उतरलेले असतात. उत्तरेकडच्या समुद्रात नोव्हेंबरपासून विषारी जेलीफिशचा हंगाम धरतात, तो मे पर्यंत. आपण त्याच्या तोंडावर बाहेर पडायचं. हे सगळं ती कागद न बघता बोलत होती.

आता तिच्या कामातला सर्वात महागाचा भाग, म्हणजे नकार. ह्यांच्याकडे यादी तयार होती: सिडनी, मेलबर्न, पर्थ, मधला तो मोठा लाल खडक, शिवाय गोल्ड कोस्टचे पाळणे. ताईने नकाशा उघडला. ऑस्ट्रेलिया आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा आणि माणसं महाराष्ट्राच्या पाव भागाइतकी. सिडनी ते पर्थ विमानानेच पाच तास. लाल खडक म्हणजे उलुरू. सगळ्यात जवळचं मोठं गाव ॲलिस स्प्रिंग्ज, तेही रस्त्याने साडेचारशे किलोमीटरवर. ह्यांना वर चढायची हौस होती, तर २०१९च्या ऑक्टोबरपासून वर चढणं बंद आहे, कारण तिथल्या मूळ लोकांची ती पवित्र जागा. "पाच वर्षांच्या मुलाला खडक दाखवायला एवढं उडायचं, तर तो विचारणार, खाली वाळू आहे ना, मग मी वाळूतच खेळतो." खडक गेला. पर्थ त्याच्याही आधी गेलं होतं.

मेलबर्नवर मात्र झटापट झाली. लेकीला पेंग्विन बघायचे होते. फिलिप आयलंडला इवलेसे पेंग्विन अंधार पडताना समुद्रातून बाहेर येतात आणि आपापल्या बिळांकडे चालत जातात. ताईने हिशोब मांडला: त्या दिवसांत तिथे सूर्य मावळतो पावणेआठच्या सुमारास, नंतर मेलबर्नला परत यायला दीड-दोन तास, मुलगा मांडीवर झोपलेला, आजींचे गुडघे, समुद्रावरचा गार वारा, आणि फोटो काढायला मनाई. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांची ती मोठी शर्यत, तिच्या आसपास हॉटेलांचे भाव चढलेले. लेक दोन दिवस बोलली नाही. पण ताई हटली नाही, आणि उरली फक्त दोन मुक्कामाची गावं: सिडनी आणि ईशान्य किनाऱ्यावरचं केर्न्स. मुंबईच्या ऑफिसने तेवढ्याच दिवसांत पाच शहरं दाखवायचं कबूल केलं होतं. प्रत्येक शहरात बॅगा उघडायच्या नि बंद करायच्या कोणी, ते मात्र त्यांच्या पत्रकात नव्हतं.

व्हिसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बागायतीवर जगणाऱ्यांना याची माहिती कुठे मिळत नाही. पर्यटक व्हिसा सबक्लास ६००, अर्ज ऑनलाइन. फी माणशी सुमारे २०० ऑस्ट्रेलियन डॉलर, पोरांनाही तेवढीच, आणि नाकारला तर परत मिळत नाही. नोकरदाराला पगाराच्या पावत्या जोडल्या की झालं. आमचा पगार म्हणजे एप्रिल ते जून खात्यात पैसे धबाधबा, आणि मग वर्षभर खत, फवारणी, गडी यांच्यात ते जात राहतात. पासबुक बघणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, इथे काहीतरी गडबड आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रातही आकडा केविलवाणा दिसतो. ताईने सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायला लावलं, तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या जोडायला सांगितल्या आणि एक पानाचं पत्र लिहून दिलं: हापूसचा हंगाम कधी, पैसे कधी येतात, आणि आम्ही मोहोराच्या आधी परत का येणारच. शाळेचं पत्र वेगळं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. व्हिसा सगळ्यांचे आले, सासूबाईंचा सगळ्यात आधी. त्याचा उल्लेख अजून होतो.

प्रवासाला तिचा एकच हट्ट: कोकण रेल्वे आणि विमान एका दिवसात जोडायचं नाही. रात्रीच्या तुतारीने दादर, दिवसभर मामेसासऱ्यांकडे आराम, आणि रात्रीचं विमान सिंगापूरमार्गे. गाडी दोन तास लेट होती, तरी कोणाच्या जिवाला घोर नाही.

खाऊचं प्रकरण मात्र गमतीचं. दिवाळी म्हणजे फराळ आलाच. ऑस्ट्रेलियात बाहेरचं बी, माती, फळ, पान शिरू देत नाहीत, आणि त्यात ते भलतेच कडक. उतरायच्या आधी विमानात एक कार्ड भरून घेतात. ताईचं म्हणणं, खायचं काहीही असो, 'हो' वर खूण करा. दाखवलं तर फार तर ठेवून घेतील, लपवलं तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो. पेढे-बर्फी नको, ताजा नारळ नको, कढीलिंबाचं एक पानही नको, कच्चे तांदूळ नकोत. आणखी एक प्रश्न त्या कार्डावर असतो: गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का? आम्ही तर शेतावरच राहतो! तिने निघण्याआधी सगळ्यांच्या चपला-बुटांचे तळवे ब्रशने घासून वाळवायला लावले. हे सहाणेवर गंध उगाळल्यासारखे तास-दीड तास बूट घासत बसले होते.

सिडनी विमानतळावर त्या अधिकारी बाईने ह्यांचे बूट उलटे करून पाहिले, दोन खाचांमध्ये बोट फिरवलं आणि "गुड" म्हणून परत दिले. भाजणीच्या चकल्या पाहिल्या, परत दिल्या. मग पिशवीच्या तळातून साडीच्या घडीत गुंडाळलेला डबा निघाला. नारळाच्या वड्या, दुधात आटवलेल्या. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हत्या, एका व्यक्तीशिवाय. कार्डावर 'हो' लिहिलेलं असल्याने दंड नाही झाला. वड्या तेवढ्या राहिल्या. "चाखून तरी बघ म्हणावं तिला, टाकण्याआधी," सासूबाई मराठीतच म्हणाल्या.

सिडनीत राहायला तिने पॅरामॅटा दिलं, शहराच्या पश्चिमेला, स्वयंपाकघरासकट घर. कारण शेजारीच हॅरिस पार्क. तिथे विग्रम स्ट्रीटवर सगळी आपली दुकानं, डोसा, चाट, किराणा, ऐन दिवाळीत तर गर्दीच गर्दी. सासूबाईंच्या सोमवारचा प्रश्न मिटला. मोठ्यांनी बस-ट्रेनला आपलं बँकेचं कार्डच टेकवायचं. पोरांना अर्धं भाडं हवं असेल तर त्यांची वेगळी ओपल कार्डं घ्यायची, हे तिने ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पॅरामॅटाहून नदीतून फेरीबोट थेट सर्क्युलर कीला, म्हणजे सिडनीच्या मुख्य धक्क्याला, हार्बर ब्रिजच्या खालून. ओहोटीला पाणी उतरलं की ही बोट पॅरामॅटापर्यंत येत नाही, बस देतात. तवसाळ-जयगडच्या फेरीवर वाढलेल्या पोरांना यात काही विशेष वाटलं नाही. ह्यांना मात्र ओहोटीपुढे ऑस्ट्रेलियाचंही चालत नाही याचा केवढा आनंद.

ऑपेरा हाऊस पाहिलं, टारोंगाच्या प्राणिसंग्रहालयात एक आख्खा दिवस गेला. त्याबद्दल सगळेच लिहितात.

मॅन्लीच्या किनाऱ्यावर मात्र मी बराच वेळ नुसती बघत बसले. वाळूत लाल-पिवळे झेंडे रोवलेले, दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं, आणि जीवरक्षकांची नजर त्याच पट्ट्यावर. मध्येच त्यांनी झेंडे उपटले आणि थोडे उत्तरेला नेऊन लावले, कारण पाण्याची ओढ सरकली होती. त्यातल्या एका पोराने लेकीला हाताने दाखवलं: लाटा फुटतायत ती जागा बरी, दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मध्येच एक गडद, शांत पट्टा दिसतो ना, तिथूनच पाणी माघारी जातं, आणि लोक नेमके शांत म्हणून तिथे उतरतात. गणपतीपुळ्याला दर सुट्टीत बाहेरगावचे लोक कसे ओढले जातात हे ऐकत वाढलेली माणसं आम्ही. पण तो पट्टा बोटाने दाखवून सांगितलेला मी पहिल्यांदा पाहिला.

उन्हाचं सांगते. आपल्याला वाटतं, कोकणातली माणसं, आपल्याला उन्हाचं काय कौतुक! तिथे घाम येत नाही, वारा गार, आणि संध्याकाळी नाक सोललेलं. ताईने ऊन मोजायचं ॲप घ्यायला लावलं होतं. अतिनील किरणांचा निर्देशांक तीनवर गेला की टोपी, बाह्यांचा सदरा, क्रीम. केर्न्सला दुपारी हा आकडा अकराच्या वर जायचा. तिथल्या शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळायला सोडत नाहीत, हे कळल्यावर चिरंजिवांनी टोपी काढणं बंद केलं. हे माझ्याच्याने एरवी झालं नसतं.

केर्न्स म्हणजे तिच्या आखणीचा कळस, आणि तिच्या चुकाही तिथेच. आधी चुका. हॉटेल समुद्रासमोर, स्वस्त, स्वच्छ, पण खोली दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेले असताना! दुसरं, भाड्याच्या गाडीत मुलासाठी बूस्टर सीट आधीच मागवलेली होती, कारण तिथे सात वर्षांखालच्या मुलाला त्याच्या वयाजोगी सीट कायद्याने लागते. गाडीवाल्यांनी काढली तान्ह्या बाळाची सीट. ते शोधाशोध करतायत, आम्ही उन्हात. ताईला मेसेज केला तर तिकडे सकाळचे नऊ म्हणजे रत्नागिरीत पहाटेचे साडेचार. उत्तर आलं तेव्हा सीट बसवून आम्ही निम्मा घाट चढलो होतो. प्रवास चालू असताना हाताशी माणूस हवा असेल तर ही सेवा तुमच्यासाठी नाही, हे मोकळेपणाने सांगते. तिसरं, बरीचशी दुकानं पाच-साडेपाचला बंद होतात हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. आणि ती सगळी आखणी इंग्रजीत, बारीक टायपात. सासूबाईंसाठी मी रात्री मराठीत उतरवून द्यायचे, आणि त्या ते पोथीसारखं मोठ्याने वाचायच्या.

आता कळस. केर्न्सला समुद्र आहे, पण गावासमोर उतरता येत नाही. ओहोटीला आपल्या खाडीसारखा चिखल, कांदळवन, आणि किनाऱ्यावर मगरीची पाटी. मुलं हिरमुसली असती. पण ताईने हॉटेल निवडलं होतं ते समोरच्या लगूनसाठी. समुद्राकाठीच बांधलेला खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव, वाळूसकट, जीवरक्षकासकट, आणि फुकट. जिन्याचा राग तिथे निम्मा निवळला.

ग्रीन आयलंडला बोटीने पाऊण तास लागतो. २,३०० किलोमीटर पसरलेल्या प्रवाळाचा, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफचा, हा एक ठिपका. आम्ही चौघं अंगभर लायक्राचे सूट घालून पाण्यात, आणि सासूबाई काचेच्या तळाच्या बोटीत. काचेखालून एक राक्षसी शिंपला गेला, तोंड उघडं, आतून निळा-जांभळा. त्या वाकून बघत म्हणाल्या, "एवढ्या एका तिसरीत आख्खी वाडी जेवेल." शेजारच्या बाईला वाटलं त्या मंत्र म्हणतायत.

कुरांडाची डोंगरातली आगगाडी १८९१ची, पंधरा बोगदे, माणसांनी हातांनी खोदलेले. गाइड मोठ्या अभिमानाने सांगत होता. चिरंजीव म्हणाले, आमच्याकडे करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा आहे. लेकीने इंग्रजी करून सांगितलं. गाइडचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि एक दिवस तिने फक्त ह्यांच्यासाठी ठेवला होता. केर्न्सहून तासाभरावर मरीबा, आंब्याचा मुलूख. मैलोन् मैल ओळीने लावलेली झाडं, सगळी छाटून एका उंचीची, कैऱ्या लिंबाएवढ्या झालेल्या, तोडणी डिसेंबरपासून. जात केन्सिंग्टन प्राइड. आंब्याची वाइन करणाऱ्या एका बागेत पाहुण्यांना आत घेतात. तिथल्या म्हाताऱ्याने शेडमधलं तोडणीचं यंत्र दाखवलं. दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पंख, वरून साबणाच्या पाण्याचे फवारे. माणसं देठ मोडून आंबा त्यावर टाकत जातात आणि चीक लगेच धुतला जातो, म्हणजे सालीवर डाग नाही. ह्यांनी मोबाइलवर दापोली विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबा काढायची जाळीची काठी, काढून दाखवला: आम्ही देठासकट काढतो, चीक बाहेर येऊच देत नाही. म्हाताऱ्याने विचारलं, दिवसाला किती काढता? मग दोघं जमिनीवर काडीने आकडे मांडत बसले. त्याचं इंग्रजी ह्यांना कळत नव्हतं आणि ह्यांचं त्याला, तरी तास कसा गेला कळलं नाही. मुलं तोवर आइस्क्रीमवर. पाच शहरांच्या पॅकेजमध्ये हा दिवस कुठून आला असता?

माझ्यासाठी तिने काय ठेवलं होतं ते शेवटच्या रात्री कळलं. माझं माहेर पेणचं, हे तिला मी कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. कागदावर लिहिलं होतं, "वहिनी, बॅरामुंडी मागवा." मागवला. पहिल्या घासाला ओळखला: जिताडा! तोच मासा, आपल्या खाडीतून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत सापडतो. पण काय करून ठेवलं होतं त्याचं! काटा नाही, डोकं नाही, वर लिंबाची फोड आणि शेजारी बटाटे. आमच्याकडे जिताड्याचं डोकं जावयाच्या ताटात जातं. मी वेटरला विचारलं, डोकं कुठे आहे? तो घाबरून मॅनेजरला घेऊन आला.

कोणी ही सेवा घ्यावी? घरात म्हातारं माणूस आणि लहान पोर दोन्ही असेल, उत्पन्न पगाराचं नसेल आणि स्वतः बुकिंग करायची तयारी असेल तर जरूर. सगळं हातात आयतं हवं असेल तर ग्रुपनेच जा. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतील, तो विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. लिफ्टचं तिला आधी विचारा. दिवाळीत जायचं तर नारळी पौर्णिमेच्या आत व्हिसाचे कागद तिच्याकडे हवेत. गणपती आले की ती आठ-दहा दिवस फोन उचलत नाही. मे महिन्यात तर फोन करूच नका, तेव्हा ती स्वतः पेट्या भरत असते.